तीन जबान्या आणि एक सुई

१

स्क्रू जागेवर धरून ठेवणाऱ्या चेकनटवर ताईने ओढलेली लाल नेलपॉलिशची रेघ तुटली होती. अर्धी रेघ नटवर आमच्याकडे तोंड करून, उरलेली अर्धी स्क्रूवर भलतीकडेच. वर आणखी कहर म्हणजे त्या दोघांना मिळून तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. व्यवस्थित पीळ घालून, टोकं आत दडवून. ती तार आमची नव्हती.

"कुणीतरी हात लावलाय," ताई म्हणाली. बस, एवढंच. तिच्या वाटणीचंही मीच ओरडले मग. "कोण आहे तो मेला? समोर ये म्हणावं एकदा!" अख्खं मैदान वळून बघायला लागलं.

आमच्या गॅरेजात ताई इंजिनं बघते आणि मी टायर. ती बोलत नाही आणि मी थांबत नाही, असं आमचं बरं चाललेलं असतं. गिऱ्हाइकं जवळपास सगळी चढाच्या शर्यतीतली. खाली मैदानातून गाडी सुटते, वळणावळणाच्या रस्त्याने डोंगर चढते, वर घड्याळ लावलेलं असतं. एक गाडी सुटली की थोड्या वेळाने मागची सुटते.

त्या रविवारी सकाळी आमची गाडी दुसऱ्या वळणावर काळाकुट्ट धूर ओकत बंद पडली. मागून येणाऱ्या गाडीने कसंबसं वळवून घेतलं आणि कठड्याला दार घासलं. माणसं दोन्हीकडची धड राहिली, पण कशी राहिली ते त्यांनाच ठाऊक. आमची गाडी चालवणारीला सगळं मैदान सूनबाई म्हणतं, कारण तिचे सासरे, आबा, दर शर्यतीला आपली घडीची खुर्ची घेऊन हजर असतात आणि दिसेल त्याला धरून सांगतात, "ती माझी सूनबाई." खुर्चीही त्यांच्याच वयाची, जागोजागी तारेने बांधून चालवलेली.

मागची गाडी शिट्टीची होती. शिट्टी म्हणजे आमच्या शेजारच्या शेडमधला मेकॅनिक. काम करताना सतत शिट्टी वाजवतो म्हणून ते नाव. दार घासलेलं बघताच त्याने क्लबकडे तक्रार केली: काम कच्चं होतं, गाडी त्यामुळे बंद पडली, माझा माणूस मेला असता. आणि क्लबचा नियम असा, की कच्च्या कामामुळे गाडी रस्त्यात मेली तर त्या मेकॅनिकचं नाव फाटकावरच्या फलकावरून पुसतात. दोन मोसम तिला मैदानात पाऊल टाकता येत नाही. दोन मोसम! म्हणजे आमच्या गॅरेजला टाळंच.

निकाल संध्याकाळी, बक्षिसं वाटायच्या आधी. आणि निकाल देणार होती क्लबची तपासनीस. ती आली, गळ्यात दोरीला भिंग लटकवलेलं, तोंडात पेपरमिंट, आणि न विचारता माझ्या नव्या टायरांच्या चळतीवर बसली.

"टायर विकायचे आहेत ते," मी म्हटलं.

"टायरवाल्या तुम्ही ना? मग आधी स्वतःतली थोडी हवा सोडा," ती म्हणाली, "आणि मला सांगा, ही तार कुणाची?"

२

तिला सगळे बाई म्हणतात. विमा कंपनीत सर्व्हेअर होती. गाडीला पडलेला पोचा अपघाताचा आहे की हातोडीचा, हे नुसतं बोट फिरवून सांगायची म्हणे. मला तेव्हा तिचं कौतुक वगैरे काही नव्हतं. माझ्या बहिणीचं नाव तिच्या हातात होतं आणि ती पेपरमिंट चघळत होती, मला तिडीकच गेली.

"शुक्रवारी काय काय केलंत ते पहिल्यापासून सांगा," तिने ताईला विचारलं. ताई दोन वाक्यांत आटपणार हे मला माहीत, म्हणून मीच सांगायला घेतलं. मी समोरच होते.

सूनबाईच्या गाडीला मोठा पंप बसवला होता. मोठा पंप म्हणजे पेट्रोलचा लोंढा. इंजिनाने लागेल तेवढं घ्यायचं आणि उरलेलं रेग्युलेटरने परत टाकीत सोडायचं, म्हणजे दाब ठरलेला राहतो. गाडीचा मूळचा रेग्युलेटर एवढ्या लोंढ्याला पुरा पडेना, म्हणून ताईने बाहेरचा घेतला. त्याच्या डोक्यावर स्क्रू असतो. आत पिळला की दाब चढतो, बाहेर काढला की उतरतो. अंगावर गेज, म्हणजे दाब डोळ्यांना दिसतो.

आणि ते बसवताना ताईला बघावं. आधी लाइनीतला दाब उतरवला, बॅटरीची तार काढली, आगीचा सिलिंडर पायाशी उभा केला. पाइप कापल्यावर त्याचं तोंड इतकं स्वच्छ केलं की रबराचा कण राहील तर शपथ. आट्यांना टेप लावायचा लोकांना भारी सोस. टेपचा धागा सुटून आत गेला की रेग्युलेटरचं तोंड मिटत नाही आणि मग माणूस आठवडाभर डोकं खाजवतो. ताई पेट्रोलला चालणारं सीलंट बोटाच्या टोकाने लावते, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून. मग पंप चालू करून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवला. एक थेंब नाही. पंपाला डॅशबोर्डवर वेगळं बटण दिलेलं, त्यामुळे इंजिन बंद ठेवूनही दाब बघता येतो. तसाच बघून तीन बार दाबावर सुई आणली, चेकनट आवळला, वर नेलपॉलिशची रेघ. मी तिच्याशी रोज भांडते, पण ते काम बघताना मी पाना द्यायचंही विसरले होते.

"आणि काचेवरची ही तांबडी रेघ?" बाईंनी भिंगातून गेज बघत विचारलं. तीनच्या आकड्यासमोर काचेवर रंगाची एक रेघ होती.

"ती आबांची हौस," ताई म्हणाली. "ते बॉयलरवर होते ना. म्हणाले, आकडा वाचायला वेळ लागतो, रेघ एका नजरेत दिसते. मला पटलं."

"गेज नेहमीचाच?"

"नाही. एरवी सुका लावते. ह्या वेळी तेल भरलेला घेतला. ह्या गाडीत सुई फार थरथरते, तेलात ती शांत राहते."

"हं," बाई म्हणाल्या.

पुढचे काही तास त्यांच्या तोंडून मी इतक्या तऱ्हांचे 'हं' ऐकले, की प्रत्येकाचा वेगळा अर्थ लावून मी थकले. त्यांनी डॅशबोर्डवरचं बटण दाबलं. पंप घुमला. आम्ही सगळ्या वाकून बघितलं.

सुई तांबडी रेघ ओलांडून पुढे गेली आणि चारच्या जवळ जाऊन थांबली. म्हणजे इंजिनाच्या घशात पेट्रोल कोंबलं जात होतं. काळा धूर कसला, गाडी दुसऱ्या वळणापर्यंत तरी गेली हेच नवल.

३

"घ्या! शुक्रवारी तीन, आज चार. हिने बसवलेलं टिकत नाही, हेच मी म्हणत होतो," शिट्टी मागून म्हणाला.

"टिकत नाही तर दाब उतरेल. चढेल कसा?" बाई न वळताच म्हणाल्या. मला पहिल्यांदा त्या बाई बऱ्या वाटल्या.

त्यांनी एकेकाला बोलवायला सुरुवात केली. माझ्याच टायरांवर बसून. मला म्हणाल्या, "तुम्ही थांबा इथे, पण तोंडाला कुलूप." ते मला किती जमलं ते सोडा.

शिट्टी आधी. "काल दुपारी सरावाच्या फेऱ्या झाल्यावर मी ह्यांच्या शेडजवळून गेलो. बॉनेट उघडं, इंजिन बंद, पंप घुमत होता. सहज नजर गेली. सुई अडीचवर! रेघ कुठे आणि सुई कुठे. मी मनात म्हटलं, झालं, पेट्रोलच पोचत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?" मी उसळले.

"मी कशाला सांगू? तुम्ही मला सांगता का काही?"

"पंप चालू होता, नक्की?" बाईंनी विचारलं.

"अहो, आवाज येत होता. आजोबा बॉनेटमागे खुर्चीवर पेपर उघडून बसलेले, दुसरं कुणी नव्हतं."

"हं."

मग सूनबाई. केस विस्कटलेले, डोळे लाल, पण आवाज कणखर. "सकाळी भयंकर गारठा होता. सुटायच्या आधी मी बटण दाबून बघितलं, सुई रेघेच्या चांगली वर, चारला टेकायला आलेली. मला वाटलं ताईंनी शर्यतीसाठी मुद्दाम वाढवलाय. विचारायला हवं होतं हो मी! माझं नाव पुकारलं आणि मी निघाले. आता त्यांचं नाव जाणार माझ्या मूर्खपणापायी."

"रडू नका, ते काम हिचं आहे," बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. मी रडत नव्हते, मी फक्त नाक ओढत होते.

तिसरा सूनबाईचा नवरा. ह्याच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. बायकोने शर्यतीत पडू नये म्हणून ह्याने घरात किती आदळआपट केली ते आम्हाला गॅरेजात बसून ठाऊक. काल संध्याकाळी हा गायब होता. परत आला तेव्हा हात काळे, बूट धुळीने माखलेले.

"कुठे होतात?"

"फिरायला गेलो होतो."

"फिरायला! काळे हात घेऊन!" मी म्हटलंच.

त्याने मान खाली घातली. बायको समोर उभी. ती त्याच्याकडे एकटक बघायला लागली. असलंच काही निघालं तर गाडीबरोबर संसारही वळणावर बंद पडायचा.

बाई उठल्या. "झाडू कुठे ठेवलात?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने चमकून वर बघितलं.

"मी सकाळी रस्ता बघून आले. प्रत्येक वळणावर खडी पसरलीय. पण जिथे ह्यांची गाडी घसरते असं सगळे म्हणतात, त्या पाचव्या वळणावर एक खडा नाही. सगळी खडी झाडून कडेला नीट लावलेली. आणि कठड्याशी रस्त्यावर सांडलेलं ओलं डांबर कुणीतरी हाताने पुसलंय."

"तिला म्हणालो होतो मी येणार नाही म्हणून," तो पुटपुटला. "उगाच मग... नाक खाली."

सूनबाई जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. मी माझे शब्द परत गिळले, आणि ते बरेच होते.

४

राहिले आबा. ते खुर्चीवर ताठ बसले होते. ताईकडे बघायचं टाळत होते, हे मला दिसलं, पण मला वाटलं, सुनेच्या काळजीने खचलेत.

"आबा, कालपासून गाडीजवळ कोण कोण आलं?"

"मी जागचा हललो नाही, बाई. झोपलो तेही गाडीला टेकून. एकही परका माणूस गाडीला शिवला नाही."

"परका नाही."

"नाही."

"हं," बाई म्हणाल्या. हा 'हं' आधीच्या सगळ्यांपेक्षा हळू होता.

मला राहवेना. मी बाईंना बाजूला घेतलं. "अहो, उघड आहे! ताई म्हणते तीन, शिट्टी म्हणतो अडीच, सूनबाई म्हणते चार. तिघांतलं कुणीतरी धडधडीत खोटं बोलतंय. आणि ताई नाही, सूनबाई नाही. उरला कोण? दाब कमी दिसला ही थाप मारून ताईचं काम कच्चं ठरवायचंय त्याला!"

"तुमच्यासारखी बहीण असावी," बाई म्हणाल्या. "पण विचार करा. शिट्टीला ताईवर आळ घ्यायचा असता तर त्याने सुई वर होती असं सांगितलं असतं. धूर काळा होता, वर होती म्हटलं की गोष्ट जुळली. त्याने खाली होती म्हणून सांगितलं, जे त्याच्याच तक्रारीच्या आड येतं. खोटं बोलणारा माणूस सोयीचं खोटं बोलतो."

"मग सूनबाई?"

"तिने सांगितलं ते आपण आत्ता डोळ्यांनी बघितलं."

"म्हणजे ताई खोटी?" माझा आवाज चढला.

"तिची रेघ बघितलीत ना? नेलपॉलिश स्क्रूवर वाळल्यावर तुटलीय. म्हणजे तिने आवळल्यानंतर कुणीतरी फिरवलंय. ती खरंच बोलतेय." त्यांनी नवीन पेपरमिंट तोंडात टाकलं. "तिघंही खरं बोलतायत. तीच तर पंचाईत आहे. आता तुम्ही एक करा. चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी आणा, आणि एक जाड फडकं."

"आता ह्या वेळी चहा?"

"फडक्याचा चहा करतात का तुमच्याकडे? जा."

५

मी किटली घेऊन आले तोवर सगळे गाडीभोवती जमले होते. शिट्टी हाताची घडी घालून, नवरा-बायको एकमेकांना खेटून, आबा खुर्चीसह जवळ सरकलेले. ताई बॉनेटच्या दांडीला धरून उभी. संध्याकाळ होत आली होती. लांब फाटकाशी कुणीतरी फलकाला शिडी लावत होतं. झेंडे काढायला असेल, पण मला फलकावरचं ताईचं नावच दिसायला लागलं.

बाईंनी पंप चालू केला. गाडी सकाळपासून सावलीत, इंजिन थंडगार. सुई चारच्या अलीकडे स्थिर.

"स्क्रूकडे सगळ्यांनी बघत राहा," बाई म्हणाल्या. "कुणी हात लावला तर ओरडा. हे काम मी टायरवाल्या बाईंवर सोडते."

मग त्यांनी फडकं उकळत्या पाण्यात बुडवलं, चिमट्याने पिळलं आणि गेजच्या पाठीला गुंडाळलं. थोडा वेळ काहीच नाही. शिट्टीने जांभई दिली. बाईंनी पुन्हा फडकं बुडवलं, पुन्हा गुंडाळलं.

सुई हलली.

आधी मला वाटलं माझ्याच डोळ्यांना अंधारी आली. पण ती चारपासून मागे सरकत होती, सावकाश, एखादी म्हातारी जिना उतरते तशी. साडेतीन झाले. मग त्याच्याही खाली. तिसऱ्यांदा फडकं गुंडाळल्यावर ती तांबड्या रेघेच्या अगदी जवळ येऊन थांबली. पंपाचा आवाज तोच. स्क्रूला कुणी शिवलं नव्हतं, मी श्वास रोखून बघत होते.

"दाब कमी झाला?" बाईंनी विचारलं.

"सुई तर तसंच म्हणतेय," शिट्टी म्हणाला.

ताईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. ती गेजच्या डोक्याकडे बघत होती. तिथे रबराचं एक इवलंसं बूच होतं, वर निमुळतं टोक असलेलं.

"आई गं," ती म्हणाली.

बाईंनी पर्समधून नेलकटर काढला आणि ते टोक कचकन कापलं.

फुस्स!

आणि सुई टुणकन उडी मारून पुन्हा चारजवळ जाऊन बसली.

बाई फडकं पिळत शांतपणे सांगू लागल्या. "गेजची डबी सीलबंद. आत तेल, वर थोडीशी हवा. इंजिन तापलं की गेज तापतो, आतली हवा फुगते, आणि डबीच्या आतून सुईच्या नळीलाच उलटी दाबते. मग दाब आहे तेवढाच असतो, पण सुई कमी सांगते. हे टोक कापलं की डबीला श्वास घेता येतो आणि गेज खरं बोलतो. ह्या गाडीत खोटं बोललं असेल तर एकट्या ह्या गेजने."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शुक्रवारी गॅरेजात थंड गेज, तीन. शनिवारी दुपारी फेऱ्या मारून तापलेला गेज, अडीच. दाब तीनच, फक्त सुई खाली. कुणीतरी ती खाली गेलेली सुई बघितली आणि स्क्रू पिळून रेघेवर आणून ठेवली. म्हणजे खरा दाब साडेतीनवर गेला. पुढच्या फेरीत आणखी तापलं, सुई पुन्हा घसरली, पुन्हा पिळला. आणि रविवारच्या गारठ्यात गेज थंड झाल्यावर सुईने खरं ते दाखवलं: जवळजवळ चार. वा रे बाई! पोचे बघता बघता ह्या बाईने माणसं वाचायची विद्या शिकून घेतली होती. मी तिला टायरांचा अख्खा ढीग फुकट द्यायला तयार होते.

"म्हणजे घातपात नाही," नवरा म्हणाला.

"ज्याला गाडी बिघडवायची आहे तो चेकनट पुन्हा आवळत नाही, पुसून ठेवत नाही, वर तारेने बांधत नाही," बाई म्हणाल्या. "हे ज्याने केलं त्याला ही गाडी सुखरूप वर जायला हवी होती. शिट्टीने बघितलं तेव्हा पंप घुमत होता, आणि पंप आपोआप घुमत नाही. बटण कुणीतरी दाबलं होतं. परका तर कुणी आला नव्हता. आणि बॉयलरच्या व्हॉल्व्हला तार कशी बांधतात, टोकं आत वळवून, हाताला लागू नयेत म्हणून, ते मी पूर्वी बघितलंय." त्या आबांच्या खुर्चीच्या तारेने बांधलेल्या पायाकडे बघत होत्या.

६

आबा उठून उभे राहिले.

"मीच," ते म्हणाले. "सुई रेघेखाली आली, बाई. अख्खी नोकरी मी हेच केलं. सुई रेघेखाली आली की उठायचं आणि जागेवर आणायची. मला वाटलं, पोरीचा नट सरकतोय."

"मग तिला सांगायचं ना!" मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर? हा शिट्टी शेजारी. नट सरकला म्हटलं असतं तर तिचं नाव खराब झालं असतं मैदानात. एवढं मन लावून काम करते ती. म्हणून गुपचूप जागेवर आणली आणि पुन्हा सरकू नये म्हणून तार बांधली. दुसऱ्यांदा खाली आली, तेव्हा तार सोडून पुन्हा पिळला." त्यांनी खुर्चीचा हात धरला. "आज विचारलंत तेव्हाही गप्प बसलो. म्हटलं, मी तर सुई रेघेवर ठेवली होती, दोष दुसरीकडे असणार. उगाच नट सरकल्याचं कशाला काढू? तिच्यासाठी गप्प बसलो मी. आणि सूनबाई... मीच तिला..."

"आबा," सूनबाईने त्यांचा दंड धरला. "मी आहे इथे. बघा, धड आहे."

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, सकाळपासून घोटून ठेवलेल्या. एक बाहेर आली नाही.

"झालं तर मग," शिट्टी म्हणाला. "म्हणजे काम कच्चं नव्हतं. आजोबांनी हात लावला, विषय संपला. मी तक्रार त्यांच्या नावाने करतो."

माझ्या जिवात जीव आला. ताई सुटली! मी तिचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"नाही," ताई म्हणाली. "बाई, ह्या गेजला मी हात लावला तो पहिल्यांदा. बसवून झाल्यावर टोक कापायचं, हे मी समजून घ्यायला हवं होतं. सुई खरी असती तर आबा उठलेच नसते. त्यांनी माझ्या सुईवर विश्वास ठेवला. पुसायचं तर माझं नाव पुसा."

तिच्या तोंडात फडकं कोंबावंसं वाटलं मला, तेच गरम. सुटलेली मान पुन्हा फासात देते ही बया! आणि त्याच वेळी मला असं झालं, की ही माझी बहीण आहे हे त्या फलकावर रंगवून घ्यावं.

बाई शिट्टीकडे वळल्या. "तक्रार तुमची. तेव्हा एक सांगा. तुमच्या गाड्यांना गेज कुठले?"

"तेल भरलेलेच. गेल्या मोसमापासून."

"टोकं कापलीत?"

शिट्टी एकदम वळला आणि आपल्या शेडकडे चालू लागला. चालताना शिट्टी वाजत नव्हती. शेडमध्ये एक बॉनेट उघडल्याचा आवाज आला.

फुस्स.

दुसरं बॉनेट.

फुस्स.

तिसरं. हा फुस्स सगळ्यात मोठा होता. त्याच्या गाड्या अख्खा मोसम जास्त पेट्रोल का पितात, हे त्याला आत्ता कळलं असणार.

परत आला तेव्हा कान लाल होते. "माझी तक्रार मागे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दाराचा पोचा मी काढून घेईन."

"नियम निष्काळजी माणसासाठी आहे," बाई टायरांवरून उठत म्हणाल्या. "कोण निष्काळजी आणि कोण फक्त चुकलं, हे ठरवायलाच क्लबने मला ठेवलंय. नाव राहील. फक्त पुढच्या शर्यतीपासून प्रत्येक गाडीचा गेज ह्या ताई बघतील, मग ती गाडी रस्त्यावर जाईल." त्यांनी नेलकटर ताईच्या हातात ठेवला आणि निघून गेल्या. मी आभार मानायला मागे धावले, तर म्हणतात, "टायर चांगले आहेत तुमचे. बसायला."

ताई आबांसमोर उकिडवी बसली. ते अजून मान वर करत नव्हते.

"आता मी गाडीला हात लावणार नाही, पोरी. जवळसुद्धा बसणार नाही."

"बसायचं," ताई म्हणाली. "गेजवर नजर ठेवायला तुमच्याइतकं चांगलं माणूस मला कुठे मिळेल? सुई जराही हलली की सांगायचं. फक्त पाना हातात घ्यायच्या आधी मला हाक मारायची. सगळ्यांसमोर मारली तरी चालेल."

पुढच्या शर्यतीच्या सरावाला आबांनी तिला सकाळपासून इतक्या हाका मारल्या, की माझं डोकं उठलं. सुई केसभर हलली, हाक. हलली असं वाटलं, हाक. एकदा तर सुई अजिबात हलत नाही म्हणून हाक. "ए पोरी! जरा इकडे ये!" आणि ताई दर वेळी हातातलं काम ठेवून, हात पुसून, त्यांच्याशेजारी जाऊन वाकायची आणि दोघं मिळून गेज बघायची. एकदाही ती "आता काय?" म्हणाली नाही. मी असते तर तिसऱ्या हाकेला पाना फेकून मारला असता.

"बरोबर आहे, आबा," ती म्हणायची. "चांगलं केलंत बोलावलंत ते."